काखेत तुरटी, गावाला वळसा

मागच्या डिसेंबरात एका हस्तकला प्रदर्शनातल्या स्टॉलवरून मी एक खडा विकत घेतला. पांढरट, अर्धपारदर्शक, हाताला गुळगुळीत, कागदी डबीत बसवलेला. डबीवर हिरवं पान आणि खाली मजकूर: नैसर्गिक डिओड्रंट, शंभर टक्के खनिज, ॲल्युमिनियम-मुक्त. किंमत साडेतीनशे रुपये. घरी आल्यावर आईने तो उजेडासमोर धरला, जिभेचं टोक लावलं आणि म्हणाली, "अरे, ही तुरटी आहे." मग फळीवरचा डबा काढून त्यातला ओबडधोबड खडा माझ्यापुढे ठेवला. "ही वाण्याकडची. पंधरा रुपयांची. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की फिरवते ती."

आई रसायनशास्त्र शिकलेली नाही, पण निदान अचूक होतं. तुरटी म्हणजे पोटॅशियम ॲल्युमिनियम सल्फेट, भरपूर पाणी धरून बसलेला स्फटिक. त्याच्या वजनात साधारण ५.७ टक्के ॲल्युमिनियमच असतं. म्हणजे ॲल्युमिनियम-मुक्त तुरटी ही बिनदुधाच्या खव्यासारखी गोष्ट झाली. दुसऱ्या दिवशी स्टॉलवर जाऊन विचारलं, तर तिथल्या ताई म्हणाल्या, "सर, पॅकिंग आमच्याकडे असंच येतं." काखेचा माल विकणाऱ्यांनी काखा वर केल्या, दुसरं काय.

राग साडेतीनशे रुपयांचा नव्हता. (थोडा होता.) खरा त्रास असा, की डबीवरच्या 'नैसर्गिक' या शब्दाने वस्तू कुठून आली तेवढंच सांगितलं होतं. ती काखेत जाऊन काय करते, याचा पत्ता नाही. आणि ते समजायचं तर आधी घामापाशी जावं लागतं.

पुण्यातल्या पर्वतीच्या १०३ पायऱ्या एका दमात चढून जा. वर पोचल्यावर कपाळावरून जो घाम ओघळतो तो बोटावर घेऊन हुंगा. काही वास येणार नाही. हा घाम म्हणजे जवळजवळ सगळं पाणी आणि चिमूटभर मीठ. तो तयार करणाऱ्या ग्रंथी अंगभर पसरलेल्या असतात, एकूण २० ते ४० लाख, आणि त्यांचं मुख्य काम अंग थंड ठेवणं. माठाचं पाणी झिरपून उडतं आणि आतलं पाणी गार होतं, तसंच. एक लिटर घाम अंगावरून पूर्ण उडून गेला, तर जाताना तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो.

'उडून गेला तर' हे महत्त्वाचं. एप्रिलच्या दुपारी पुण्यात पारा ३८-४० वर असतो, पण हवा कोरडी असते. स्वारगेटच्या सिग्नलला गाडीवर थांबलेल्या माणसाला आपल्याला घाम येतोय हे कळतसुद्धा नाही, कारण तो आला तसा उडतो. घरी गेल्यावर काळ्या सॅकच्या पट्ट्यांवर आणि हेल्मेटच्या बंदावर मिठाच्या पांढऱ्या रेघा दिसतात तेव्हा हिशेब लागतो. जुलैत पारा २८ च्या आसपास उतरतो, पण हवा आधीच ओलीगच्च. घाम कातडीवरच बसून राहतो, वर रेनकोट. म्हणून माझ्या मते पुण्यात वासाचा खरा हंगाम पावसाळ्याचा. उन्हाळ्याला उगाच बदनाम केलंय.

आता काखेकडे येऊ. तिथे वरच्या ग्रंथींच्या जोडीला दुसऱ्या जातीच्या ग्रंथी असतात. त्या फक्त काखेत, जांघेत, स्तनाग्रांभोवती अशा मोजक्या जागी सापडतात आणि वयात येताना जाग्या होतात. पाचवीच्या वर्गात पीटीचा तास संपल्यावर आणि नववीच्या वर्गात पीटीचा तास संपल्यावर जो फरक असतो, तो शिक्षकांना विचारा. या ग्रंथींतून येणारा द्रव थोडा दाट, स्निग्ध असतो. गंमत म्हणजे तोही ताजा असताना जवळपास बिनवासाचा.

मग वास करतं कोण? काखेत वस्तीला असलेले जिवाणू. काख ही त्यांच्या दृष्टीने फारच सोयीची जागा: ऊब आहे, ओल आहे, अंधार आहे आणि खायला घरपोच. ते त्या द्रवातले मोठे, न उडणारे रेणू खातात आणि छोटे, हवेत उडणारे रेणू मागे टाकतात. हे छोटे रेणू नाकापर्यंत पोचतात. त्यांत दोन घराणी लक्षात ठेवण्यासारखी. एक आम्लांचं: कोणी बोकडासारखं, कोणी आंबूस, तर एक चक्क जिऱ्यासारखं. हे मुख्यतः कोरिनेबॅक्टेरियम नावाच्या जिवाणूंचं काम. दुसरं घराणं गंधक असलेल्या रेणूंचं. त्यांचा वास चिरून ठेवलेल्या कांद्यासारखा, आणि इतका तिखट की हवेत त्याचा अंशाचा अंश असला तरी नाकाला कळतो. हा कांदा बनवणाऱ्यांत स्टॅफिलोकॉकस होमिनिस हा जिवाणू पुढे आहे. तो ज्या विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने हे करतो, ते विकर इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली ओळखून दाखवलं.

काही माणसांना काखेचा वास जवळपास येतच नाही, कितीही घाम आला तरी. हा भाग जनुकाचा आहे. एबीसीसी-११ नावाचं एक जनुक त्या दुसऱ्या जातीच्या ग्रंथींमधून कच्चा माल बाहेर सोडणारा पंप तयार करतं. त्याच्या एका प्रकारात हा पंप बंद असतो, आणि जिवाणूंना शिधाच मिळत नाही. चीन, कोरिया, जपानकडे बहुतेक लोकांमध्ये हाच प्रकार आढळतो. ओळखायची खूण मजेशीर आहे: अशा लोकांच्या कानातला मळ कोरडा, कोंड्यासारखा असतो. बाकीच्यांचा ओला आणि चिकट. हे वाचून लगेच कानात काडी घालू नका.

थोडक्यात, ज्याच्या अंगाला वास येतो तो आंघोळ करत नाही असा निष्कर्ष काढणं चूक. दोन माणसं एकाच साबणाने, एकाच वेळी आंघोळ करून एकाच बसमध्ये चढली, तरी कात्रजहून शिवाजीनगरला उतरेपर्यंत एकाची काख कांदा-जिरं करत असेल आणि दुसऱ्याची नाही. शिवाय ज्याच्या अंगाला वास येतो त्याला तो कळत नाही, कारण नाक सतत येणाऱ्या वासाला सरावतं. मंडईत मसाल्याच्या दुकानात शिरताना शिंका येतात, दुकानदार आत निवांत चहा पीत असतो. हे लक्षात घेतलं तर ऑफिसातल्या सहकाऱ्याला सांगताना आपला आवाज जरा खाली येतो.

तर काखेत काही लावून तुम्ही चारपैकी काहीतरी एक करू शकता. ओल कमी करायची, जिवाणूंना आवरायचं, तयार झालेला वास धरून ठेवायचा, किंवा त्यावर दुसरा वास पांघरायचा. बाजारातली कुठलीही बाटली, डबी, पुडी यांच्या पलीकडे जात नाही.

आपल्याकडे 'डिओ' म्हणून जे सर्रास विकलं जातं ते बहुतेक चौथं काम करतं, थोडंसं दुसरं. त्यात सुगंध असतो, अल्कोहोल असतं, आणि डबा फुसफुसायला लागणारा वायू. अल्कोहोल काही जिवाणू मारतं, उडून जातं, सुगंध मागे राहतो. तो वायू बहुतेकदा प्रोपेन-ब्यूटेनच्या कुळातला, म्हणजे स्वयंपाकाच्या सिलिंडरमधल्या गॅसचाच भाऊबंद. म्हणून देवघरातली समई तेवत असताना शेजारच्या आरशासमोर उभं राहून ढगभर स्प्रे मारू नये, आणि डबा उन्हात लावलेल्या गाडीच्या डिकीत ठेवू नये. डब्यावर ५० अंशांच्या वर तापू देऊ नका असं लिहिलेलं असतं. ते कोणी वाचत नाही.

घाम खरोखर कमी करणारी जात वेगळी, तिला अँटीपर्स्पिरंट म्हणतात. तिच्यात ॲल्युमिनियमचे क्षार असतात. ते घामात विरघळतात, घामाच्या नळीच्या तोंडाशी त्यांचा जेलीसारखा बुचका बनतो आणि काही दिवसांत वरच्या कातडीबरोबर तो निघून जातो. अमेरिकेत या मालाला कायद्याने औषधात धरतात आणि साध्या डिओड्रंटला सौंदर्यप्रसाधनात. तिथला नियम असा, की अँटीपर्स्पिरंट म्हणवून घ्यायचं तर घाम निदान २० टक्के कमी व्हायला हवा. वीस टक्के! जाहिरातीत कोरडीठाक काख दाखवतात, पण नियमाची अपेक्षा एवढीच. हे सकाळी आंघोळीनंतर ओल्या काखेत फासण्यापेक्षा रात्री झोपताना कोरड्या काखेत लावलं तर जास्त चालतं, कारण रात्री घाम कमी असतो आणि बुचका नीट बसतो. बहुतेक लोक उलटं करतात.

ही सगळी वस्तू फार जुनी नाही. पहिलं बाजारी डिओड्रंट १८८८ चं, अमेरिकेतलं, मेणासारखं मलम. ॲल्युमिनियमचं पहिलं अँटीपर्स्पिरंट १९०३ चं. रोल-ऑन १९५२ मध्ये आलं, आणि त्याची गोळी बॉलपेनवरून सुचली होती. त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे न्हावी दाढी झाल्यावर गालावर तुरटी फिरवत आले आहेत.

त्या तुरटीकडे परत येऊ, कारण नैसर्गिक म्हणवणाऱ्या सगळ्या गोष्टींत माझं मत तिच्या बाजूने आहे. ओला करून फिरवलेला खडा कातडीवर क्षाराचा पातळ थर सोडतो. हा थर आम्लधर्मी असतो आणि प्रथिनांना आवळून धरतो. जीभ तुरट होते, आवळल्यासारखी वाटते, तेच काखेत होतं. जिवाणूंना अशी आम्लधर्मी, आवळलेली जागा मानवत नाही. घाम मात्र ती फारसा अडवत नाही. काख ओली राहील, वास कमी येईल. एवढा करार मान्य असेल तर पंधरा रुपयांचा खडा वर्षभर पुरतो. कडा आधी पाण्याखाली धरून गोल करून घ्याव्यात, नाहीतर ओरखडे निघतात. नुकतीच वस्तरा फिरवलेली काख असेल तर त्या दिवशी राहू द्या. चरचरेल.

खाण्याच्या सोड्याचा अनुभव वेगळा आला. गेल्या जुलैत मी सात दिवसांचा एक घरगुती प्रयोग करायला घेतला. डाव्या काखेत तुरटी, उजव्या काखेत पाण्यात कालवलेला सोडा. दिवसभर पीएमपीच्या बसने जाणं-येणं, म्हणजे वरची दांडी धरून दोन्ही काखा आळीपाळीने जनतेसमोर. संध्याकाळी शर्ट काढून बायकोकडे द्यायचा, कुठल्या बाजूला काय ते न सांगता. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "हे मी का करतेय?" तिसऱ्या दिवशी म्हणाली, "डावी बाजू ठीक आहे रे. उजवीकडून कांदा येतोय." पाचव्या दिवशी उजवी काख लाल होऊन खाजायला लागली आणि प्रयोग तिथेच संपला.

एका माणसाच्या पाच दिवसांवरून सिद्ध काही होत नाही. पण कांदा का आला, याचं रसायनशास्त्र नीट बसतं. सोडा अल्कधर्मी आहे, त्याच्या द्रावणाचा सामू (पीएच) सुमारे ८.३. आम्लांना तो पकडतो आणि त्यांचे न उडणारे क्षार करून टाकतो, त्यामुळे आंबूसपणा खरोखर जातो. गंधकवाले रेणू मात्र त्याला जुमानत नाहीत. ते तसेच हवेत जातात. आणि लाली आली ती यामुळे, की निरोगी कातडी किंचित आम्लधर्मी असते. रोज तिला सोड्यात भिजवलं की तिचं वरचं कवच बिघडतं. इंटरनेटवरच्या बहुतेक 'घरच्या घरी डिओ' कृतींत हाच सोडा पहिला घटक असतो. दुसरा असतो खोबरेल.

खोबरेलात जवळपास निम्मं लॉरिक आम्ल असतं आणि ते काही जिवाणूंना आवरतं, हे खरं. पण खोबरेल वितळतं २४-२५ अंशांना. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी बाटली गरम पाण्यात उभी केल्याशिवाय थेंब पडत नाही आणि एप्रिलमध्ये तेच पाण्यासारखं वाहतं. माझ्या मेव्हणीने हौसेने केलेली खोबरेलाची कांडी मार्चपर्यंत झकास होती. मेमध्ये तिच्या पर्सच्या अस्तरात गेली. शिवाय कापसाच्या कुर्त्याला पडलेला तेलाचा गोल डाग सहजी निघत नाही.

लिंबाबद्दल एकच सांगतो: रस लावून उन्हात जाऊ नका. लिंबाच्या सालीत आणि रसात असे पदार्थ असतात की त्यांच्यावर ऊन पडलं की कातडी भाजल्यासारखी होते आणि मागे काळे डाग राहतात. बिनबाह्यांच्या कपड्यांत हे हमखास लक्षात येतं. मुलतानी माती आणि मक्याचं पीठ ओल शोषतात, तेवढंच. उटण्याची मजा न्यारी. मंडईजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानात नागरमोथा, वाळा, कचोरा, आंबेहळद पाट्यांत मांडलेली असते तिथे नुसतं उभं राहिलं तरी दिवाळी वाटते. उटणं मळ आणि मेलेली कातडी घासून काढतं आणि वाळ्या-मोथ्याचा वास काही काळ टिकतो. रोज मात्र इतकं घासू नये. काखेची कातडी नाजूक असते.

भीतीबद्दलही बोलायला हवं, कारण नैसर्गिक मालाचा निम्मा खप भीतीवर चालतो. अँटीपर्स्पिरंटमुळे स्तनांचा कर्करोग होतो, हा निरोप गेली पंचवीस वर्षं आधी ईमेलने आणि आता व्हॉट्सॲपवर फिरतोय. अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या म्हणण्यानुसार असा संबंध दाखवणारा स्पष्ट पुरावा मिळालेला नाही. त्या निरोपात युक्तिवाद असा असतो, की घाम अडला की शरीरातलं विष आत साठतं. शरीरातला नको तो माल बाहेर काढण्याचं काम मूत्रपिंड आणि यकृत करतात, काख नाही. एक अपवाद खरा आहे: ज्यांची मूत्रपिंडं अशक्त आहेत त्यांनी ॲल्युमिनियमचं अँटीपर्स्पिरंट डॉक्टरांना विचारून वापरावं. अमेरिकेत तर ही सूचना डबीवर छापावीच लागते.

याचाच जोडभाऊ म्हणजे 'काखेचं डिटॉक्स'. नवा नैसर्गिक डिओ लावल्यावर पहिले दोन आठवडे वास वाढेल, घाबरू नका, विष बाहेर पडतंय, असं दुकानदार सांगतात. वास वाढतो कारण आधीचा बुचका निघाला, ओल परत आली आणि जिवाणूंची वस्ती नव्याने बसते आहे. विषाचा काही संबंध नाही. पैसे परत मागायची मुदत तेवढी टळते.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, काखेत कळसा आणि गावाला वळसा, आंघोळ राहिली. बरोबर आहे. जिवाणू आणि त्यांचा शिधा, दोन्ही धुऊन टाकणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. पण त्यातही बारकावे आहेत. पहिला साबणाचा. पुडीवर बारीक अक्षरांत टीएफएम लिहिलेलं असतं, म्हणजे साबणात स्निग्ध आम्लांचा वाटा किती. भारतीय मानकांत पहिल्या दर्जाच्या टॉयलेट सोपला तो किमान ७६ टक्के लागतो, दुसऱ्याला ७०, तिसऱ्याला ६०. 'बेदिंग बार' लिहिलेलं असेल तर ४० वरही भागतं. दुकानात दोन्ही एकाच फळीवर, एकसारख्या रंगीत कागदात. साबण स्वतः अल्कधर्मी असतो, सामू ९-१० च्या घरात, म्हणून कातडी कोरडी पडते असं वाटलं तर अंगाला रोज साबण न लावता काख, जांघ आणि पाय एवढ्यांनाच लावावा. दंडांवर, पोटऱ्यांवर एरवी वास करणारं काही नसतंच. आणि 'जंतुनाशक' शब्दाला भुलू नये. अशा साबणांत पूर्वी घातलं जाणारं ट्रायक्लोसान अमेरिकेने २०१६ मध्ये साबणांतून काढायला लावलं. साध्या साबणापेक्षा ते जास्त गुणकारी असल्याचं उत्पादकांना दाखवता आलं नव्हतं.

दुसरा बारकावा पाण्याचा, आणि हा पुण्यात प्रत्येकाला लागू आहे. पेठांत खडकवासल्याचं पाणी येतं, मऊ असतं, साबण भरभर फेसाळतो. शहराच्या कडेच्या नव्या सोसायट्यांत टँकर आणि बोअर. या जड पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असल्याने साबणाचा फेस होत नाही, चिकट साका होतो. बादलीच्या कडेला बसलेला पांढरट थर तोच. तो कातडीवर आणि बनियनवरही बसतो. अशा घरी साबणाऐवजी 'सोप-फ्री' लिहिलेली वडी किंवा बॉडीवॉश जास्त कामाचं, कारण त्याचा साका होत नाही. आणि गुरुवारी पाणी बंद असेल त्या दिवशी एक तांब्या पुरतो: काख, जांघ, पाय. दिवसभर पार्सलं पोचवणाऱ्या पोराच्या अंगाला वास येतो म्हणून लिफ्टमध्ये नाक मुरडणाऱ्यांनी त्याच्या खोलीवर पाणी किती वाजता येतं, हे एकदा विचारावं.

तिसरा बारकावा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात दुर्लक्षित. काख कोरडी पुसणं. आपण पाठ पुसतो, केस पुसतो आणि काखेत पंचा जेमतेम टेकवून शर्ट चढवतो. जिवाणूंना ओल हवी असते, ती आपण स्वहस्ते शर्टाखाली कोंडून देतो. दोन मिनिटं पंख्याखाली हात वर करून उभं राहा. घरच्यांनी हसू दे.

मग कपडे. वेताळ टेकडीवर सकाळी फिरायला येणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या अंगात चकचकीत ड्राय-फिट टी-शर्ट असतो. तो धुतलेला असतो, कपाटात त्याला वास नसतो, आणि अंगात घालून दहा मिनिटं चाललं की जुना वास जिवंत होतो. हा भास नाही. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये व्यायाम केलेल्या २६ जणांचे टी-शर्ट तपासले, तेव्हा सुतीपेक्षा पॉलिएस्टरच्या शर्टांना जास्त वाईट वास येत होता, आणि त्यांवर मायक्रोकॉकस जातीचे जिवाणू जास्त वाढले होते. पॉलिएस्टर पाणी धरत नाही पण तेल धरतं. म्हणून असा शर्ट उलटा करून धुवावा, घामट असताना टोपलीत दडपून ठेवू नये, आणि त्याला कपडे मऊ करणारं द्रावण घालू नये, कारण त्याचा थर धाग्यावर बसतो.

पावसाळ्यात सुती कपड्यांना जो कुबट वास येतो त्याचा गुन्हेगार वेगळा. जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये तो मोरॅक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जिवाणू असल्याचं दाखवलं. हा पठ्ठ्या सुकण्याला दाद देत नाही, म्हणजे गॅलरीतल्या दोरीवर दोन दिवस लोंबकळणारा टॉवेल सुकला तरी तो आत असतोच, परत ओल मिळाली की कामाला लागतो. टॉवेल आणि बनियन अधूनमधून कडकडीत पाण्यात भिजवणं हाच उपाय. आजी चुलीवरच्या बंबाचं पाणी ओतायची ते थंडीपुरतं नसावं.

पायांचं थोडक्यात. गणपतीत आरतीला दहा जण आले की दारातल्या बुटांतून जो वास येतो, तो आयसोव्हॅलेरिक आम्लाचा. पायांवरच्या काही जिवाणूंची भावंडं काही परदेशी चीज मुरवायला वापरतात. एक बूट सलग दोन दिवस घालू नये, बोटांच्या बेचक्या पुसाव्यात, मोजे रोज बदलावेत. खाण्याचंही थोडं असतं. लसणीच्या ठेच्यातला एक गंधकयुक्त रेणू पोटातून रक्तात आणि तिथून श्वासात जातो, त्यामुळे दात घासून फरक पडत नाही. मेथीचे लाडू खाल्ल्यावर अंगाला जो गोडसर वास येतो तो मेथीतल्या सोटोलोन नावाच्या रेणूचा. तो काही दोष नाही. बाळंतिणीच्या खोलीचा तो वास मला तर आवडतो.

डॉक्टरकडे कधी जायचं? अंगाचा वास अचानक बदलला, श्वासाला पिकल्या फळासारखा गोड वास येऊन सोबत खूप तहान आणि थकवा असला (मधुमेहात हे धोक्याचं असतं, थांबू नये), रात्री कपडे भिजण्याइतका घाम येऊन वजन उतरू लागलं, किंवा बसल्याजागी तळहातांतून पाणी गळायला लागलं तर. काखेत-जांघेत गोल, खाजणारा चट्टा असेल तर तो बहुधा गजकर्ण, आणि त्यावर औषधाच्या दुकानातून मागून आणलेलं स्टेरॉइड मिसळलेलं मलम चोळू नका. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र पसरत जाते आणि मग महिनोन् महिने हटत नाही. त्वचारोगतज्ज्ञांकडे सध्या असे रुग्ण भरपूर येतात.

साडेतीनशेचा खडा अजून आहे, झिजतच नाही. यंदा ऑगस्टमध्ये नळाला चहासारखं पाणी आलं तेव्हा आईने बादली भरली आणि स्वयंपाकघरातून हाक मारली, "तुझी कुठली आणि माझी कुठली रे? दोन्ही सारख्याच दिसतायत." तेव्हापासून पाण्याच्या तुरटीला लाल दोरा बांधलाय.